कॅनडातील आदिवासी समाज आणि अधिकृत भाषिक समूह यांचे सामूहिक हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात स्थायिक झालेले वाचक, तेथे जाण्याच्या तयारीत असलेली कुटुंबे आणि राज्यशास्त्राचे व कायद्याचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे शक्य तेथे एकाखाली घेतली आहेत, आणि उत्तर अन्यत्र आले असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांना केवळ मुलांच्या शाळेची घाई आहे त्यांनी प्रश्न १२ पासून वाचायला हरकत नाही.

१. सामूहिक हक्क म्हणजे नेमके काय? माझ्या एकट्याच्या हक्कापेक्षा तो वेगळा कसा?

बोलण्याचा, मतदानाचा किंवा मनमानी अटक न होण्याचा हक्क माणसाला एकेकट्याने मिळतो, मग तो कोणत्याही घरात जन्मलेला असो. सामूहिक हक्क समाजाचा असतो आणि व्यक्तीला तो त्या समाजाची घटक म्हणून उपभोगता येतो. गावाच्या गायरानाचा विचार करावा. प्रत्येकाचे जनावर तेथे चरते, पण आपला हिस्सा मोजून तो विकायला कोणी उभा राहिला तर गाव त्याला हसेल. आदिवासींच्या जमिनीवरील मालकीचे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने केलेले वर्णन याच्या फार जवळ जाते: ती जमीन संपूर्ण समाजाची असते, विकायचीच तर ती फक्त राजसत्तेला (कायद्याच्या भाषेत 'क्राउन', म्हणजे राजाच्या नावाने चालणारे सरकार) विकता येते आणि पुढच्या पिढ्यांना तिचा लाभ उरणार नाही अशा रीतीने ती वापरताही येत नाही. भाषेचेही तेच आहे. एकट्या मुलासाठी फ्रेंच शाळा उभी राहत नाही. तिच्यासाठी फ्रेंच बोलणारी वस्ती लागते.

२. कॅनडात असे हक्क कोणाकोणाला आहेत?

दोन गटांना. पहिला गट आदिवासी समाजांचा असून त्यांचे हक्क मान्य करणाऱ्या १९८२च्या संविधान कायद्यातील कलम ३५ मध्ये 'इंडियन', इन्युइट (उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातले) आणि मेटी (प्रश्न ९ पाहावा) अशी तीन नावे दिली आहेत. २०२१च्या जनगणनेत या तिन्ही समाजांची मिळून लोकसंख्या १८ लाखांवर, म्हणजे देशाच्या सुमारे ५ टक्के होती. दुसरा गट अधिकृत भाषिक समूहांचा, म्हणजे इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांचा. त्यांच्यापैकी ज्या प्रांतात जो समूह अल्पसंख्य असेल त्याला शाळेचा विशेष हक्क मिळतो: क्वेबेकमध्ये इंग्रजी भाषकांना, इतरत्र फ्रेंच भाषकांना. याखेरीज ओंटारियोसारख्या काही प्रांतांत कॅथलिकांच्या वेगळ्या सरकारी शाळांना १८६७च्या संविधानाने संरक्षण दिले आहे, पण तो धार्मिक हक्क असल्यामुळे येथे त्याचा विस्तार केलेला नाही. मराठी, पंजाबी किंवा युक्रेनी भाषकांसाठी प्रश्न १६ पाहावा.

३. त्यांना 'आदिवासी' म्हणावे की 'मूलनिवासी'? आणि 'इंडियन' हा शब्द अजून का टिकून आहे?

महाराष्ट्रात 'मूलनिवासी' या शब्दाला स्वतःचा वेगळा राजकीय इतिहास आहे, म्हणून आम्ही 'आदिवासी' वापरतो. तोही पूर्णपणे चपखल नाही, कारण तो उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट आणि गडचिरोली उभे राहतात. शक्य तेथे समाजाचे स्वतःचे नाव घ्यावे, म्हणजे क्री, हैदा, मिकमाक, निस्गा. 'इंडियन' हा शब्द आज बोलताना अपमानकारक मानला जातो, पण १८७६चा 'इंडियन अ‍ॅक्ट' त्याच नावाने लागू असल्यामुळे कायद्याच्या भाषेत तो टाळता येत नाही. बोलताना 'फर्स्ट नेशन्स' म्हणतात. इन्युइट आणि मेटी मात्र 'फर्स्ट नेशन्स'मध्ये मोडत नाहीत. ही गल्लत वर्तमानपत्रांतही होते.

४. हे आपल्याकडच्या आरक्षणासारखेच आहे का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज या तुलनेतूनच जन्माला येतात. आरक्षण अन्यायाची भरपाई म्हणून आणि समता आणण्यासाठी दिले जाते. कॅनडाच्या हक्कसनदेत, म्हणजे १९८२च्या संविधान कायद्यातील मूलभूत हक्कांच्या भागात, त्या प्रकारच्या योजनांना कलम १५(२) मध्ये स्वतंत्र जागा आहे. सामूहिक हक्कांचा आधार वेगळा आहे. आदिवासी समाज राज्याच्या आधीपासून तेथे होते आणि फ्रेंच व इंग्रजी समूह एकत्र नांदायला ज्या अटींवर तयार झाले त्या अटी हे भाषिक हक्कांचे मूळ आहे. त्यामुळे समाज सुधारला, श्रीमंत झाला, तरी हक्क संपत नाही. १९६९ मध्ये पिअर त्रुदो यांच्या सरकारने एका श्वेतपत्रिकेत इंडियन अ‍ॅक्ट आणि वेगळा दर्जा रद्द करून सर्वांना समान नागरिक करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा ज्यांच्या 'भल्यासाठी' तो होता त्यांनीच त्याला कडाडून विरोध केला. अल्बर्टातील आदिवासी प्रमुखांनी उत्तरादाखल काढलेल्या पत्रिकेचा मथळा 'नागरिक, आणि त्याहून अधिक' या अर्थाचा होता. १९७१ मध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला.

'रिझर्व्ह' या शब्दानेही गोंधळ होतो. त्याचा अर्थ राखीव जागा असाच आहे, पण ती जमिनीवरची, म्हणजे आदिवासी समाजासाठी राखून ठेवलेला भूभाग.

५. तह कोणाबरोबर झाले आणि ते आज दीडशे वर्षांनी का पाळायचे?

आम्ही येथे जाणीवपूर्वक 'तह' हा शब्द वापरतो. करार कोणा दोघांतही होतो. तह दोन सत्तांमध्ये होतो, हे सालबाई आणि पुरंदर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ब्रिटनच्या राजाने १७६३च्या जाहीरनाम्यात असे मान्य केले होते की आदिवासींच्या ताब्यातील जमीन खाजगी माणसांनी परस्पर विकत घ्यायची नाही. ती घ्यायची तर राजसत्तेने, त्यांच्या जाहीर सभेत, त्यांच्या संमतीने. पुढे १८७१ ते १९२१ या काळात एक ते अकरा असे क्रमांक असलेले तह झाले. ओंटारियोपासून रॉकी पर्वतापर्यंतचा बहुतेक प्रदेश आणि उत्तरेचा मोठा भाग त्यांत येतो. आजचे एडमंटन सहाव्या तहाच्या आणि कॅलगरी सातव्या तहाच्या भूमीवर आहे.

या तहांत जमिनीच्या बदल्यात राखीव भूभाग, शाळा, शेतीची अवजारे, शिकारीचा व मासेमारीचा हक्क आणि दर माणशी वार्षिक रोख रक्कम अशी आश्वासने दिली गेली. बहुतेक क्रमांकित तहांत ही रक्कम पाच डॉलर ठरली आणि ती आजही पाचच डॉलर आहे. तहाच्या दिवशी टेबलामागे सरकारी अधिकारी बसतो, शेजारी लाल डगल्यातला घोडदळी पोलीस उभा असतो आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर पाच डॉलरची एक नोट ठेवली जाते. अनेक वाचक हे विनोद म्हणून सांगतात. पण रांगेत उभी असलेली आजी पैशांसाठी आलेली नसते. सरकारने यंदाही तह मोडलेला नाही याची ती पावती घेत असते.

रकमेचा प्रश्नही अखेर न्यायालयात गेला. ह्युरॉन आणि सुपीरियर सरोवरांच्या उत्तरेकडील १८५०च्या रॉबिन्सन तहांत असे कलम होते की जमिनीचे उत्पन्न वाढले तर वार्षिक रक्कमही वाढवावी. ती १८७५ मध्ये माणशी चार डॉलर झाली आणि तेथेच थांबली, मधल्या काळात त्या भूमीतून खनिजे आणि लाकूड यांची अफाट संपत्ती निघाली तरी. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वर्तन राजसत्तेच्या इभ्रतीला न शोभणारे ठरवले. ह्युरॉनकडील समाजांशी सरकारने त्याआधीच १० अब्ज डॉलरची तडजोड केली होती.

तहाच्या कागदावर काय लिहिले आणि बोलणीत काय ठरले यांत नेहमीच अंतर होते. सहाव्या तहात सरकारी एजंटाच्या घरी 'औषधांची पेटी' ठेवण्याचे वचन आहे. क्री समाज त्याचा अर्थ आरोग्यसेवेची हमी असा लावतो, तर सरकारने बराच काळ त्याचा अर्थ पेटी एवढाच घेतला.

६. जेथे तह झालेच नाहीत तेथील जमीन कोणाची?

ब्रिटिश कोलंबियाचा बहुतेक भाग असाच आहे. १९७३च्या कॅल्डर खटल्यात निस्गा समाज तांत्रिक मुद्द्यावर हरला, पण वसाहतीपूर्वीची आदिवासी मालकी कायद्याला ठाऊक आहे हे सहा न्यायाधीशांनी मान्य केले आणि सरकारला वाटाघाटींना बसावे लागले. १९९७च्या डेलगामुक निकालाने पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलेला इतिहास पुरावा म्हणून ग्राह्य धरला. २०१४ मध्ये चिलकोटिन समाजाला सुमारे १,७५० चौरस किलोमीटर भूमीवर प्रत्यक्ष मालकी घोषित करून मिळाली; देशात असे प्रथमच घडले. दावा सिद्ध होईपर्यंतही सरकारला मोकळे रान नाही. जंगलतोडीचा परवाना देण्याआधी संबंधित समाजाशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे, असे २००४च्या हैदा निकालाने सांगितले. हा विचारविनिमय म्हणजे नकाराधिकार नव्हे, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

७. कलम ३५ मुळे प्रत्यक्षात काय बदलले?

१९८४ मध्ये मस्क्विअम समाजाचा एक कोळी फ्रेझर नदीच्या मुखाशी पकडला गेला. परवान्यात २५ वाव, म्हणजे दीडशे फूट लांबीच्या जाळ्याची मर्यादा होती आणि त्याचे जाळे ४५ वाव, म्हणजे २७० फूट होते. रोनाल्ड स्पॅरो हे त्याचे नाव. त्याने लांबी नाकारली नाही. माझ्या समाजाचा मासेमारीचा हक्क तुमच्या परवान्यातून आलेलाच नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नियमांनी हक्काला वेसण घातली म्हणून हक्क संपत नाही. सरकारला निर्बंध घालायचाच असेल तर त्याचे समर्थन सरकारने करायचे, आणि माशांच्या संवर्धनानंतर पहिला क्रम समाजाच्या अन्नाचा, त्यानंतर व्यापारी आणि हौशी मासेमारीचा.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. कलमात 'विद्यमान' हक्क असा शब्द आहे, त्यामुळे १९८२ पूर्वी कायदेशीररीत्या संपुष्टात आलेला हक्क या कलमाने पुन्हा जिवंत होत नाही.

८. इंडियन अ‍ॅक्ट जर आदिवासींना दर्जा देतो, तर त्यावर इतका राग का?

कारण समाजात कोण आहे हे समाजाने ठरवण्याऐवजी त्या कायद्याने सरकारी नोंदवहीने ठरवले. नोंद असलेल्या स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की तिचा दर्जा जात असे. पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी लग्न केले तर उलट तिलाच दर्जा मिळत असे. म्हणजे एका आईची मुलगी माहेरच्या गावात राहायला अपात्र आणि गोरी सून पात्र. टोबिक समाजातील सँड्रा लव्हलेस यांनी हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे नेले. १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी ठरवले आणि १९८५ मध्ये कायदा बदलला. तरीही सलग दोन पिढ्यांनी दर्जा नसलेल्या जोडीदारापासून संतती केली तर तिसऱ्या पिढीची नोंद होत नाही, ही अट राहिलीच. सामूहिक हक्क कागदावर शाबूत राहतात आणि ते उपभोगणारा समूह मात्र अंकगणिताने आटत जातो.

याच कायद्याने १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅच हा दानसमारंभ गुन्हा ठरवला होता, आणि १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी काढून वकील देण्यालाही बंदी होती. सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत घालण्यात आले, त्यांच्या सक्तीलाही याच कायद्याचा आधार होता.

९. मेटी म्हणजे मिश्र वंशाचा कोणीही का? माझी पणजी आदिवासी निघाली तर मी मेटी होईन का?

होणार नाही. मेटी हा रेड नदीच्या खोऱ्यात आणि पश्चिमेच्या सपाट प्रदेशात घडलेला, स्वतःची मिचिफ भाषा आणि इतिहास असलेला समाज आहे. लुई रिएल यांच्या नेतृत्वाखालील प्रतिकारानंतर १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला आणि मेटी मुलांसाठी १४ लाख एकर जमीन देण्याचे वचन कायद्यात लिहिले गेले. ते सरकारने इतके रेंगाळत पाळले की २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल ठपका ठेवला. रिएल यांना तर १८८५ मध्येच फाशी झाली होती. २००३च्या पॉवली निकालाने तीन कसोट्या घातल्या: स्वतःला मेटी मानणे, ऐतिहासिक मेटी वस्तीशी पूर्वजांचे नाते आणि आजच्या मेटी समाजाची मान्यता. डीएनए चाचणीसाठी लाळेची नळी प्रयोगशाळेत पाठवून यांतली एकही कसोटी पुरी होत नाही.

१०. आदिवासी लोक कर भरत नाहीत हे खरे का?

सरसकट खरे नाही. इंडियन अ‍ॅक्टच्या कलम ८७ प्रमाणे नोंदणीकृत व्यक्तीची राखीव भूभागावरील मालमत्ता आणि तेथील उत्पन्न यांना सूट आहे. शहरात नोकरी करणारा नोंदणीकृत माणूस आपल्या पगारावर सर्वसाधारणपणे इतरांसारखाच प्राप्तिकर भरतो. इन्युइट आणि मेटी यांना हे कलम लागू नाही.

११. इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांना विशेष स्थान का? त्या तर जेत्यांच्या भाषा आहेत.

त्या जेत्यांच्या भाषा आहेत हे खरेच आहे, आणि आदिवासी नेते ही गोष्ट प्रत्येक भाषाविषयक चर्चेत ठणकावून सांगतात. पण फ्रेंच समूह स्वतः १७६० पर्यंत जिंकला गेला होता आणि त्यानंतर आपण विरघळून जाऊ ही भीती त्याच्या राजकारणातून कधी गेली नाही. १८६७च्या संविधानातील कलम १३३ ने संसदेत, क्वेबेकच्या विधिमंडळात आणि तेथील न्यायालयांत दोन्ही भाषांना मुभा दिली, पण इतर प्रांतांत फ्रेंचचे हाल झाले. मॅनिटोबाने १८९० मध्ये फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून टाकला. ओंटारियोने १९१२ मध्ये 'सतरावा नियम' आणून पहिल्या दोन इयत्तांपुढे फ्रेंच माध्यम बंद केले. १९१६च्या जानेवारीत ओटावातील गीग शाळेत बडतर्फ केलेल्या फ्रेंच शिक्षिकांच्या रक्षणासाठी आया दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात टोपीला लावायच्या लांब पिना, कात्र्या आणि स्वयंपाकघरातली भांडी होती, आणि पोलिसांना माघारी जावे लागले.

मॅनिटोबाच्या प्रकरणाला मजेदार म्हणावा असा शेवट आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की १८९० पासून केवळ इंग्रजीत केलेले प्रांताचे सगळे कायदे अवैध आहेत. मात्र प्रांत कायद्याविना राहू नये म्हणून भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते वैध धरले गेले.

संघराज्याच्या पातळीवर १९६९ मध्ये अधिकृत भाषा कायदा आला. अधिकृतपणे द्विभाषिक असलेला प्रांत मात्र एकच, न्यू ब्रन्सविक. तेथील दोन्ही भाषिक समाजांना समान दर्जा देणारे कलम १६.१ हे १९९३ मध्ये हक्कसनदेत जोडले गेले, आणि त्यात व्यक्तीऐवजी 'समाज' हाच शब्द योजला आहे.

१२. फ्रेंच शाळेचा हक्क कोणाच्या मुलांना मिळतो? आम्हा मराठी कुटुंबाला मिळेल का?

हक्कसनदेचे कलम २३ हक्क देते ते पालकांना, आणि पालक कॅनडाचा नागरिक असला पाहिजे. कायम वास्तव्याचा परवाना पुरत नाही. क्वेबेकबाहेर पुढील तीनपैकी एक गोष्ट असावी लागते: पालकाची पहिली शिकलेली आणि अजून समजणारी भाषा फ्रेंच आहे, किंवा पालकाचे प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंच माध्यमातून झाले आहे, किंवा त्याचे एखादे मूल कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकत आहे वा शिकले आहे. तिसऱ्या अटीमुळे सगळ्या भावंडांना एकच माध्यम मिळू शकते.

पहिल्या अटीत वंशाचा उल्लेख नाही. पुदुच्चेरीत फ्रेंच बोलत वाढलेली आणि पुढे कॅनडाची नागरिक झालेली आई टोरांटोत हा हक्क सांगू शकते. पुण्यात अलियाँस फ्रान्सेजचे सगळे वर्ग पार केलेली आई सांगू शकत नाही, कारण ती तिची पहिली भाषा नव्हे. अशा कुटुंबांसाठी काही प्रांतांत प्रवेश समितीचा मार्ग असतो: फ्रेंच शाळा मंडळ आपल्या विवेकाने मुलाला घेऊ शकते, आणि पालकाला नागरिकत्व मिळाल्यावर वरच्या तिसऱ्या अटीचा विचार करता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये वायव्य प्रदेशांतील अशाच प्रवेशांविषयी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क नसलेल्या मुलांचे अर्ज फेटाळतानाही मंत्र्याने फ्रेंच समाजाच्या टिकाऊपणाचा विचार केला पाहिजे.

१३. 'पुरेशी संख्या' म्हणजे किती मुले?

कलम २३ चा हक्क मुलांची संख्या पुरेशी असेल तेथेच मिळतो, पण कायद्यात आकडा नाही, आणि तो मुद्दामच नाही. १९९० मध्ये एडमंटनच्या पालकांच्या माहे खटल्यात न्यायालयाने चढती पट्टी सांगितली. मुले थोडी असतील तर वर्ग, अधिक असतील तर शाळा, शाळा मंडळावर प्रतिनिधी आणि शेवटी स्वतःचे शाळा मंडळ. शाळेचा कारभार अल्पसंख्य समाजाच्याच हाती असला पाहिजे हे तत्त्व याच निकालातले. आज फ्रेंचमध्ये शिकणारी मुले तेवढी मोजायची नाहीत. शाळा निघाली तर येऊ शकतील ती मुलेही हिशेबात धरायची. २००० मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावरील समरसाइडच्या पालकांना न्यायालयाने हाच न्याय लावला. मुलांना बसने दूरच्या फ्रेंच शाळेत पाठवा, ही सरकारची सूचना त्यांना मान्य नव्हती. २०२०च्या ब्रिटिश कोलंबिया निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितले की प्रांतात कोठेही तेवढ्याच मुलांची इंग्रजी शाळा चालत असेल, तर तेवढ्या मुलांच्या फ्रेंच शाळेला साधारणपणे नकार देता येणार नाही.

१४. आम्ही मॉन्ट्रियलला जात आहोत. मुले पुण्यात इंग्रजी माध्यमात होती. त्यांना तेथे इंग्रजी शाळा मिळेल ना?

बहुधा मिळणार नाही, आणि विमानात बसण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे. क्वेबेकच्या १९७७च्या फ्रेंच भाषा सनदेने, म्हणजे 'बिल १०१'ने, नव्या स्थलांतरितांच्या मुलांना प्राथमिक व माध्यमिक शिक्षण फ्रेंचमधून घेणे बंधनकारक केले. अपवाद साधारणपणे ज्यांच्या पालकांचे प्राथमिक शिक्षण कॅनडात प्रामुख्याने इंग्रजीतून झाले त्यांना आहे. यातील 'कॅनडात' या शब्दावर सगळे अडते. पालकांची पुण्यातली कॉन्व्हेंट आणि मुलांचे सीबीएसईचे दाखले येथे निरुपयोगी आहेत. पहिल्या भाषेच्या आधारे हक्क देणारा कलम २३ चा भाग क्वेबेकमध्ये लागूच झालेला नाही, त्यामुळे 'आमची पहिली भाषा इंग्रजी' हेही म्हणता येत नाही.

तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेत बसता येते, पण ही सनद अधिक कडक करणाऱ्या २०२२च्या 'बिल ९६'नंतर साधारणपणे तीनच वर्षे. विनाअनुदानित खाजगी इंग्रजी शाळा या बंधनाबाहेर आहेत. तेथे वर्षभर मूल घालून मग अनुदानित शाळेचा हक्क मागण्याची युक्ती एके काळी बरीच चालली. प्रांताने २००२ मध्ये ती बंद केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी अवाजवी ठरवली, आणि मग प्रांताने गुणांकनाची अधिक किचकट पद्धत आणली. ओळखीच्या कोणी पूर्वी केलेली युक्ती आज चालेल असे धरून फी भरू नये.

१५. फ्रेंच इमर्शन म्हणजेच फ्रेंच शाळा का?

नव्हे. इमर्शन हा इंग्रजी शाळा मंडळाने इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंच शिकवण्यासाठी चालवलेला कार्यक्रम आहे. त्यात कोणीही अर्ज करू शकतो, जागा असेल तर प्रवेश मिळतो, आणि त्याचा कलम २३ शी संबंध नाही.

१६. मग मराठीला काहीच नाही का?

सामूहिक हक्क म्हणून नाही. हक्कसनदेच्या कलम २७ मध्ये बहुसांस्कृतिक वारशाचा उल्लेख आहे, पण ते अर्थ लावण्यासाठीचे कलम आहे. त्याच्या आधारे सरकारी मराठी शाळा मागता येत नाही. १९७१चे बहुसांस्कृतिक धोरण आणि १९८८चा कायदा यांमुळे प्रोत्साहन मिळते. शनिवारी मुलांना बाराखडी गिरवायला लावणारे मंडळ चालवण्याचे, मराठीत वर्तमानपत्र काढण्याचे स्वातंत्र्य तर आहेच, पण ते व्यक्तीच्या स्वातंत्र्यातून आले आहे. काही वाचकांना हा पंक्तिभेद वाटतो. आमच्या मते तो भेद आहे हे मान्य करूनच पुढे जावे; स्थलांतर करताना आपण एका चालू असलेल्या संसारात आलो आहोत.

१७. सरकार हे हक्क काढून घेऊ शकते का?

हक्कसनदेच्या कलम ३३ प्रमाणे 'काहीही असले तरी' असे म्हणून पाच वर्षांपुरता, आणि पुन्हा पुन्हा, एखादा कायदा न्यायालयाच्या कात्रीतून वाचवता येतो. पण ही मुभा केवळ कलम २ आणि कलमे ७ ते १५ यांच्यापुरती आहे. १९८८ मध्ये दुकानांच्या केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती न्यायालयाने रद्द केली तेव्हा क्वेबेकने ती वापरली, कारण तो अभिव्यक्तीचा प्रश्न होता. अधिकृत भाषांची कलमे आणि कलम २३ यांना ती लागू नाही. कलम ३५ तर हक्कसनदेच्या बाहेरच आहे, म्हणून त्याला कलम ३३ आणि वाजवी मर्यादांचे कलम १ दोन्ही लागू होत नाहीत. तेथे प्रश्न ७ मधील कसोटी चालते. गंमत अशी की कॅनडात वाणीस्वातंत्र्य पाच वर्षांसाठी बाजूला ठेवता येते, अल्पसंख्यांची शाळा तशी ठेवता येत नाही.

१८. समूहाचा हक्क आणि व्यक्तीचा हक्क, किंवा दोन समूहांचे हक्क, एकमेकांना भिडले तर?

क्वेबेकमधील काही फ्रेंच भाषक पालकांनी, इंग्रजी भाषकांच्या मुलांना इंग्रजी शाळा मिळते तर समतेने आमच्याही मुलांना द्या, अशी मागणी केली होती. २००५च्या गॉसलिन निकालात ती फेटाळली गेली. सर्वांना सर्व शाळा खुल्या केल्या तर अल्पसंख्यांची शाळा ही कल्पनाच उरणार नाही, हा त्यामागचा विचार.

दोन समूहांच्या टकरीचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. जुलै २०२१ मध्ये मेरी सायमन या पहिल्या आदिवासी गव्हर्नर जनरल, म्हणजे कॅनडातील राजसत्तेच्या प्रतिनिधी, झाल्या. त्या इन्युइट आहेत, नुनाविकमध्ये म्हणजे क्वेबेकच्याच उत्तर भागात जन्मल्या, इनुक्टिटुट आणि इंग्रजी या दोन भाषा बोलतात. त्या वेळी त्यांना फ्रेंच येत नव्हते. भाषा आयुक्तांकडे हजारावर तक्रारी गेल्या. सायमन यांचे उत्तर असे होते की लहानपणी त्या ज्या सरकारी शाळेत गेल्या तेथे फ्रेंच शिकण्याची संधीच नव्हती. ज्या सरकारने तिला फ्रेंच शिकवले नाही त्याच सरकारच्या भाषा कायद्याखाली तिची तक्रार व्हावी, यावर आम्हाला अधिक काही लिहिता येत नाही.

उत्तरेकडे आदिवासी भाषांना दर्जा आहे: वायव्य प्रदेशांत इंग्रजी आणि फ्रेंच धरून ११ अधिकृत भाषा आहेत, आणि १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या नुनावुतमध्ये इन्युइटांची भाषा अधिकृत आहे. २०१९च्या आदिवासी भाषा कायद्याने देशभर जतनाची जबाबदारी घेतली, पण इंग्रजी-फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा दिलेला नाही.

१९. भारताच्या संविधानात याच्या जवळचे काय आहे?

भाषेच्या बाबतीत अनुच्छेद २९, ३० आणि ३५०-क. अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितले. म्हणून मराठी माणूस महाराष्ट्रात बहुसंख्य आणि बेळगावात भाषिक अल्पसंख्य ठरतो, अगदी क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच माणसासारखा. फरक असा की अनुच्छेद ३० शाळा स्थापण्याची आणि चालवण्याची मोकळीक देतो, तर कॅनडाचे कलम २३ सरकारच्या खर्चाने शाळा मागू देते. जमिनीच्या बाबतीत २००६चा वनहक्क कायदा जवळचा आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि प्रश्न १ मधील गायरानाप्रमाणे हा हक्कही विकता येत नाही. मात्र तो संसदेच्या कायद्याने दिलेला आहे. त्यामागे तह नाही.

२०. मी परवा नागरिक झालो. माझ्या पूर्वजांनी कोणाची जमीन घेतली नाही. या तहांशी माझा काय संबंध?

तह व्यक्तीने केलेला नसून राजसत्तेने केलेला आहे, आणि नागरिक होताना माणूस त्या राजसत्तेशी निष्ठेची शपथ घेतो. तहाने मोकळ्या झालेल्या भूमीवरचा भूखंड, रस्ता आणि शाळा त्याला मिळतात; त्याच तहातली देणी मात्र आधीच्या गोऱ्यांची, असा हिशेब जमत नाही. घर विकत घेणाऱ्याला त्यावरील वहिवाटीचा हक्कही मान्य करावा लागतो, तसेच हे आहे.

शिवाय जून २०२१ पासून शपथेचा मजकूर बदलला आहे. निवासी शाळांविषयीच्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी शेवटची शिफारस त्याविषयीच होती. आता नवा नागरिक उजवा हात वर करून म्हणतो की मी कॅनडाचे कायदे पाळीन, आणि त्यांत फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटी समाजांचे आदिवासी हक्क आणि तहांतले हक्क मान्य करणारे संविधानही आले. समारंभात ही शपथ आधी एका आणि मग दुसऱ्या अधिकृत भाषेत म्हणून घेतात.